काशीत काय सोडलं

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

चि. जयराम यास निवृत्तीदादाचे आशीर्वाद.

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत, तुम्ही तिकडे ओझरला खुशाल असाल अशी आशा आहे. मखमलाबाद ते ओझर अंतर ते किती, आणि मी 'इकडे-तिकडे' असं लिहितोय, जसा काही तू दुबईला राहतोस. हसलास तर बरं. नाही हसलास तरी पुढचं वाच.

फोन का केला नाही म्हणशील. तू माझा फोन उचलत नाहीस हे एक कारण. दुसरं असं की, उचललास तरी दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो. कागदावर तो चढणार नाही असं मला वाटतं. रूपाली म्हणते, "कागदावरसुद्धा चढेल, तुम्ही लिहून तर बघा." तुझी वहिनी अजून आहे तशीच आहे.

पत्राचं कारण असं की येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, २२ तारखेला आईच्या काशीयात्रेचं मावंदं आहे. सकाळी गंगापूजन, काशीहून आणलेला पाण्याचा गडू फोडायचा, नंतर गावजेवण. तुम्ही सगळ्यांनी यायचं आहे.

आम्ही जानेवारीत जाऊन आलो हे तुझ्या कानावर आलं असेलच. आई, मी आणि रूपाली, बारा दिवस. प्रवास असा झाला की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि शेजारपाजारच्यांना माझं सगळं सांगून झालंय. ते आता मला बघून रस्ता बदलतात. तेव्हा तुझ्यावर पाळी.

आधी प्रयागला उतरलो. माघमेळा चालू होता, माणूस नुसता उसळलेला. नावेतून संगमावर गेलो. जयराम, ते पाणी खरोखर दोन रंगांचं आहे रे. एकीकडे मातकट, दुसरीकडे हिरवट, आणि मधे रेघ मारल्यासारखी. मला वाटायचं फोटोत रंग भरतात. आईने नावाड्याला नाव इकडून तिकडे फिरवायला लावली, दोन्ही पाण्यांत हात घातला आणि निकाल दिला, "हे गार हाय, अन् हे त्याच्याहून गार हाय." नावाडी मराठी न समजताच हसला.

मग काशी. तिथून एक दिवस सारनाथला गेलो. तिथे एक प्रचंड स्तूप आहे, आपल्या पाण्याच्या टाकीच्या चौपट, आणि त्याच्या अंगावर दगडात वेली कोरल्यात. फुलं, पानं, कळ्या. गाइड म्हणाला पंधराशे वर्षं झाली. आई त्या दगडाला हात लावून उभी राहिली. पन्नास वर्षं जी बाई पहाटे उठून फुलं तोडते, तिला वेगळंच सुचणार. म्हणाली, "एवढी फुलं, अन् कोणी तोडलीच नाय." आम्हाला तिला तिथून हलवायला अर्धा तास लागला. मला तो स्तूप अजून डोळ्यांसमोर दिसतो, का ते सांगता येत नाही.

काशीचे घाट म्हणजे आपल्या गंगेवरच्यासारखेच, जरा मोठे असतील, असं मी धरून चाललो होतो. आपण गोदावरीला गंगा म्हणून मोठे झालो, तेव्हा खऱ्या गंगेचं मला विशेष कौतुक नव्हतं. पण सकाळी धुकं वर गेलं आणि घाट एकामागून एक दिसायला लागले, तेव्हा मी गप्प बसलो. रूपाली म्हणाली, नोंद करून ठेवा, हे गप्प बसले. तिथला झेंडू आपल्यापेक्षा बारीक, हारही ढिले. आईने एका फुलवालीचा हार हातात घेतला, गाठ सोडून घट्ट बांधली आणि तिला परत दिला. ती बाई बघतच राहिली.

मणिकर्णिकेवरून नाव जाताना आईने ती थांबवायला लावली. बराच वेळ त्या चितांकडे बघत होती. काहीतरी बोललीही. ते राहू दे.

काशीला गेल्यावर आपली एखादी आवडती वस्तू सोडायची असते, ती पुन्हा जन्मात तोंडाला लावायची नाही, हे तुला ठाऊक आहेच. परत आल्यावर जो भेटतो तो हेच विचारतो, काय सोडलं? रूपालीने जिलबी सोडली. हलवायाच्या दुकानासमोरून आता ती मान वळवून जाते. मी कारलं सोडलं. हसू नको, गुरुजींनीही माझ्याकडे तसंच पाहिलं. आईनेही सोडलं काहीतरी.

बाकी ठीक. आईने प्रवासात एक चादर जास्त घेतली होती, ती निळी, जाड. बारा दिवस मी ती उगाच वाहिली. वय झालं की असं होतं.

तू रविवारी फोन करतोस आणि हल्ली आई बोलत नाही, रूपालीच बोलते, हे मनाला लावून घेऊ नको. आईला फोनवरचं नीट ऐकू येत नाही. पोटात दुखतं म्हणून काही तपासण्याही चालल्यात. काळजीचं कारण नाही.

२२ तारीख विसरू नको. वेदिकाला आशीर्वाद.

तुझा,
दादा


मखमलाबाद
सोमवार, १६ फेब्रुवारी

चि. जयराम यास आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतं हे मला तुझ्यामुळे कळलं. दोन ओळी लिहिल्यास, पण त्या लिहून तू माझी आठवड्याची झोप घालवलीस. "कान गेले असते तर मागच्या रविवारी फोनमध्ये मागून आईचा आवाज आला नसता, 'रूपाली, दूध उतू चाललं' म्हणून. आईने काशीत काय सोडलं?"

मी पहिल्यांदा कार्ड फाडणार होतो. मग म्हटलं, त्याला विचारायचा हक्क आहे.

आईचे कान चांगले आहेत. सुई पडली तरी तिला ऐकू येते. रविवारी दहा वाजले की ती फोनजवळ पाट घेऊन बसते. रूपाली स्पीकर लावते, तू बोलतोस, आई ऐकते, आणि एक अक्षर बोलत नाही. त्या दिवशी दुधामुळे तिचा नेम चुकला. तू फोन ठेवलास की ती उठून मळ्यात जाते.

आता घाटावरचं सांगतो. मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

काशीतला तिसरा दिवस. सकाळी स्नान झालं, गुरुजी पायरीवर आसन घालून बसले होते. पिढ्यान् पिढ्या काशीत राहिलेलं मराठी घर, बोलणं अर्धं हिंदी. रूपालीची जिलबी झाली, माझं कारलं झालं. मग त्यांनी आईच्या ओंजळीत पाणी घातलं आणि म्हणाले, "हां माई, आता तुम्ही. काय सोडता?"

आई म्हणाली, "आवडतीच वस्तू सोडावी लागती का?"

गुरुजी माझ्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "आवडतीच. नावडती सोडून गंगामाईला काय मिळणार?"

आईने पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं, गूळ म्हणेल, नाहीतर चहा. चहावाचून तिचं पान हलत नाही. ती म्हणाली, "माझा जयराम सोडला." आणि ओंजळ उपडी केली.

गुरुजींना वाटलं आंब्याची जात असेल. ते हसून म्हणाले, "बहुत अच्छा, माई." रूपालीने झटकन आईचा हात धरला, पण पाणी गेलं होतं. रूपाली रडायला लागली तेव्हा कुठे गुरुजींच्या लक्षात आलं की हा आंबा नव्हे. ते म्हणाले, "माई, असं कोणी सोडत नाही." आई म्हणाली, "सोडून झालं," आणि ओलं लुगडं पिळायला लागली.

तेव्हापासून तिने तुझं नाव घेतलेलं नाही. तुझा विषय निघाला की ती उठते. तुझ्या लग्नाचा फोटो भिंतीवर आहे, त्या भिंतीकडे पाठ करून जेवते. तुला आई माहीत आहे. एकदा उपास म्हणाली की तापातसुद्धा पाण्याचा थेंब घेत नाही. काशीत सोडलेलं ती शिवणार नाही.

मणिकर्णिकेवर काय म्हणाली तेही सांगतो. हे सगळं घडायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. म्हणाली, "पुढचे दोन खांदे भावाभावांचे लागत्यात. तुझ्याबरोबर आता कोण ऱ्हाईल रं?"

आणि एक. मागच्या पत्रात काळजीचं कारण नाही असं मी लिहिलं, ते खरं नाही. पोटात गाठ निघाली आहे. २४ तारखेला, मंगळवारी, गंगापूर रोडच्या दवाखान्यात ऑपरेशन आहे. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, वय अठ्ठ्याहत्तर आणि हृदय नाजूक, आम्ही शब्द देऊ शकत नाही. आई म्हणाली, आधी गडू फुटू द्या, मग मला कुठं न्यायचं तिथं न्या. म्हणून घाईघाईने मावंदं धरलं.

तिने असं का केलं हे तू विचारशील. मला काय माहीत? सहा वर्षांपूर्वीचा दसरा तिच्या मनात असेल. तू नोकरीवरची शिफ्ट करून, आपला फुलांचा टेम्पो घेऊन धावत गणेशवाडीच्या फूलबाजारात आलास, टेम्पो उशिरा पोहोचला होता, फुलं कोमेजली होती, आणि मी चार लोकांत तुझ्या कानाखाली वाजवली. चव्वेचाळीस वर्षांच्या बाप्याला. ते चुकलं माझं. सहा वर्षांत हे मी पहिल्यांदा लिहितोय, तोंडाने तर कधीच बोललो नव्हतो. त्यानंतर तू घराची पायरी चढला नाहीस, आणि यात्रेलाही आला नाहीस, याचा राग तिने धरला असेल.

झालं ते झालं. तू रविवारची वाट पाहू नको. पंगतीत सगळ्यांदेखत तिने तोंड फिरवलं तर काय करायचं? आधी एकदा येऊन जा. तुला समोर बघून ती वितळेल असं मला वाटतं.

दिवस थोडे आहेत. ये.

दादा


मखमलाबाद
शुक्रवार, २० फेब्रुवारी, दुपारी

जयराम,

हे पत्र आरोहीच्या हातून पाठवतोय. पोस्टाला आता वेळ नाही. तुझी पुतणी स्कूटीवर येईल, पाणी विचार, उन्हातून येतेय. तिने पत्र वाचलेलं नाही, पण घरात सकाळी काय झालं ते तिने पाहिलं आहे. पत्र संपेपर्यंत ती थांबेल.

काल तू आलास. आई अंगणात रविवारच्या तोरणासाठी झेंडू ओवत बसली होती. तू फाटक उघडलंस, चपला काढल्यास, आणि "आई" म्हणालास. तिने पदर डोळ्यांपर्यंत ओढला, तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "रूपाली, पाहुण्यांना पाणी दे." तू उभ्याउभ्या अर्धा तांब्या पाणी प्यायलास, तांब्या ओट्यावर ठेवलास आणि निघालास. तुला दिसलं नाही ते एवढंच की, तू गेल्यावर तिने तो तांब्या कोणाला उचलू दिला नाही. रात्री जेवली नाही.

फाटकापाशी तू मला विचारलंस, "दादा, यात्रेला आलो नाही असं लिहिलंस. मला कधी विचारलं होतं?" आणि मी म्हणालो, थांब, मोटर चालू करून येतो, आणि मळ्यात गेलो. वीज नव्हती, जयराम. मोटर चालू होणारच नव्हती. मी विहिरीच्या काठावर बसून तुझ्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत थांबलो.

तर त्या प्रश्नाचं उत्तर. तुला कधीच विचारलं नव्हतं.

डिसेंबरात आई मला म्हणाली, "काशीला जायचं तर दोघं भाऊ मिळून न्या. हात तू उचलला व्हता, तर ईचारायलाबी तूच जा. फोनवर नाय, तोंडानं ईचार." तिने तुझ्यासाठी ती निळी चादर त्याच दिवशी धुऊन वाळत टाकली. तुला थंडी फार बाधते म्हणून. पुढे तिने ती बॅगेतून काढलीच नाही, आणि मी तुला लिहिलं की वय झाल्यावर असं होतं.

मी ओझरला आलो होतो. खरंच आलो होतो. तुमच्या वसाहतीबाहेर टपरीवर चहा घेतला. तू समोरून गेलास, गाडीच्या हँडलला भाजीची पिशवी, डोक्यावर ती कानटोपी. दहा पावलांवरून गेलास. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. टपरीवाला म्हणाला, "भाऊ, आणखी एक देऊ का?" मी तोही चहा घेतला आणि घरी आलो.

आई दारातच होती. "काय म्हणाला?" मी म्हटलं, "नाही म्हणाला." तेवढ्यावर थांबलो असतो तर आज इतकं लिहावं लागलं नसतं. पण ती म्हणाली, "नुसतं नाय म्हणाला? काय तरी बोलला आसंल." मी म्हटलं, "म्हणाला, त्या घरात माझं आता कोणी नाही." आई दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "म्या सुदिक?"

मी म्हटलं, "तूसुद्धा."

हा एक शब्द. तो माझ्या तोंडून निघाला तेव्हा मला तो फार मोठा वाटला नव्हता. तिने तुला फोनवर यातलं काही विचारलं नाही, कारण तिचा ताठा तुला माहीत आहे. तू म्हणत असशील, मला न विचारता गेले. ती मनात म्हणत होती, मला नाकारलं. आणि मी मधे बसून तिकिटं काढली.

का केलं, ते लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. आपण लहानपणी वणीच्या गडावर गेलो होतो, तुला आठवणार नाही, तू दोन वर्षांचा. मी सहा. आई तुला कडेवर घेऊन सगळ्या पायऱ्या चढली. मी तिच्या पदराला धरून चालत होतो. निम्म्यात माझे पाय दुखायला लागले, मी म्हटलं, मला घे. ती म्हणाली, "तू मोठा हाय ना." देवीचं दर्शन मला आठवत नाही. त्या पायऱ्या आठवतात. जगात एवढं बघून आलो, पण अजून मला विचारशील की कोणती जागा मनात राहिली, तर ती. मग तुझा विषमज्वर, तुझी शाळा, तुझी नोकरी. तू आलास की तिचा चेहरा वेगळा दिसायचा. मी चोवीस तास तिच्याजवळ राहणारा, मला ती रोजच्या चेहऱ्याने बघायची. मला बारा दिवस ती एकट्याची हवी होती. चोपन्न वर्षांचा घोडा मी, नातवंडं व्हायचं वय आलं, आणि मला आई एकट्याला हवी होती.

आणि मिळाली. काशीतल्या दुसऱ्या दिवशी नावेतून उतरल्यावर तिचा गुडघा धरला. घाटाच्या पायऱ्या ती चढूच शकेना. मी खाली बसलो आणि म्हटलं, बस पाठीवर. ती नाही नाही म्हणत बसली, गळ्याभोवती हात टाकले, आणि मी तिला घेऊन वर आलो. वजन असं नाहीच, फुलांचा क्रेट जड लागतो. तिचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. वर पोचल्यावर मी उगाचच आणखी थोडं चाललो. काशीतलं मला कोणी विचारलं तर मी देवळं सांगतो, आरती सांगतो. खरं म्हणजे तेवढ्या पायऱ्याच सांगायच्या होत्या.

दुसऱ्या सकाळी तिने ओंजळ उपडी केली. मी दोन पायऱ्या वर उभा होतो. "आई, मी खोटं बोललो" एवढे चार शब्द. गंगेच्या काठी, गुरुजींसमोर. मी टॉवेलची घडी घालत राहिलो.

काल तू गेल्यापासून मला अन्न गेलं नाही. आज सकाळी रूपालीला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आता त्यांना सांगू नका, मंगळवारचं ऑपरेशन आहे. हृदयाला झेपणार नाही." अर्धा तास मी ओट्यावर बसून तेच घोकत होतो. सांगितलं आणि तिला काही झालं तर? आणि न सांगता ती मंगळवारी आत गेली, आणि परत आली नाही तर? तू तिच्यासाठी पाहुणाच राहशील. शेवटी मी उठलो.

आई झेंडूच ओवत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि टपरीपासून सगळं सांगितलं. आवाज चढला नाही. तिने मधे एकदाही सुई थांबवली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हंजी तो माझं नाव बोललाच नाय?"

"भेटलोच नाही मी त्याला."

तिने हार खाली ठेवला. मी तिच्या छातीकडे बघत होतो, श्वास चालू आहे ना म्हणून. ती म्हणाली, "गडू आण."

मी देवघरातून काशीचा गडू आणला. तिने तो मांडीवर घेतला, त्याचं डाक लावून बंद केलेलं तोंड अंगठ्याने चाचपत राहिली. मी म्हटलं, "आई, खोट्यावरून सोडलेलं ते सोडलेलं धरत नाहीत. ते फुकट गेलं."

"तू मला धरम शिकवू नको." मग म्हणाली, "गंगेला दिलेलं असंच मागं घेता येत नाय. घ्यायचं तर त्याच्या जागी दुसरं ठिवावं लागंल. त्याच्याच तोलाचं."

मला इतका आनंद झाला, जयराम. मी घाईघाईने म्हणालो, "मग चहा सोड. चहा तुझा जीव की प्राण आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. परवाच्या आणि कालच्या बघण्यासारखं नाही, नीट पाहिलं. म्हणाली, "चहा जयरामच्या तोलाचा हाय का रं?"

रूपाली दारात आली होती, तिच्या मागे आरोही. आईने पिण्याच्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. मला तेव्हाही कळलं नाही. तिचे ओठ हलले, आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "माझा निवृत्ती सोडला. जयराम मागं घेतला." आणि पाणी जमिनीवर सोडलं.

मी "आई" म्हणालो. तिने पदर ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"रूपाली," ती म्हणाली, "पाहुण्यांना चहा दे."

मी मळ्यात गेलो आणि लहान पोरासारखा रडलो. ती मला सोडून बसली म्हणून रडलो, हे खरं. पण दुसरंही आहे. त्याच तोलाचं, असं ती म्हणाली होती. मी आयुष्यभर ज्यासाठी तुझ्याकडे तिरक्या नजरेने बघितलं, ते तिच्या मनात पहिल्यापासून सारखंच होतं. मी कारलं सोडून आलो, आणि तिने दोन्ही वेळेला जे सोडलं ते खरोखर आवडतंच होतं. हे मला कळलं, पण कळलं तेव्हा ते माझ्या हातातून गेलेलं होतं.

आता तू काय करायचं ते लिहितो. नाही म्हणू नको. माझ्यावर राग धर, हवा तेवढा धर, सहा वर्षं आणखी धर, पण तिच्यावर धरू नको.

आजच ये. आरोहीच्या मागे बसून ये, रविवारपर्यंत थांबू नको. आईने दुपारी खाट फाटकाच्या बाजूला वळवून घेतली आहे. नाव घेतलं तुझं. रूपालीला म्हणाली, "जयरामला डाळीचे वडे आवडत्यात, डाळ भिजव." दीड महिन्याने ते नाव या घरात ऐकू आलं. आरोहीजवळ एक पिशवी आहे, त्यात ती निळी चादर आहे. आईने स्वतः घडी करून दिली. ती काशी करून आलेली आहे, जपून वापर.

रविवारी पूजेला तू आणि वेदिका जोडीने बसा. गडू तू फोडायचा. मी पंगतीत वाढायला असेन. कोणी विचारलं की थोरला का बसला नाही, तर काही सांगू नको.

मंगळवारी दवाखान्याच्या कागदांवर मुलाची सही लागते, ती तू कर. आणि हे लक्षपूर्वक वाच. दवाखान्यात लिफ्ट आहे, पण घरापासून गाडीपर्यंत आईला उचलून न्यावं लागतं, फाटकापाशी दोन पायऱ्या आहेत. माझ्या पाठीवर ती आता बसणार नाही. तू घे. उजवा गुडघा दुखतो, त्या बाजूला हात हलका ठेव. आधी ती नाही नाही म्हणेल, लक्ष देऊ नको, खाली बसून राहा. मग ती हळूच गळ्यात हात टाकते.

ऑपरेशन सुखरूप होईल. झालं, आणि ती बसायला बोलायला लागली, की कधीतरी सवडीने तिला माझ्यासाठी एक विचार. तिच्याजवळ आपल्या दोघांच्या तोलाचं तिसरं काही आहे का? नसेल तर राहू दे. मला ते न सांगितलंस तरी चालेल.

चहा मी प्यायलो. साखर नेहमीइतकीच होती.

तुझा,
आईकडचा पाहुणा,
निवृत्ती